स्लॅबची झळ, टॉवरचं रेडिएशन आणि यूट्यूबवरची ‘रेडियंट एनर्जी’ : हे सगळं एकच का?

तुमचा प्रश्न मोठा आहे, त्यामुळे मला तो कसा समजला ते आधी लिहितो. तुम्ही सोलापुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहता. मे महिन्यात रात्री नऊ वाजता भिंतीवरचं थर्मामीटर ३४ दाखवतं, पंखा पाचवर असतो, तरी पलंगावर पडलं की अंग भाजल्यासारखं होतं. शेजारी म्हणाले, ‘स्लॅब रेडिएशन सोडतो.’ ते ऐकून घरच्यांनी लगेच समोरच्या इमारतीवरच्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवलं. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच गोष्टीला ‘प्रारण’ म्हटलंय आणि शेजारी सूर्याचं चित्र आहे. त्यात भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गृहस्थ ‘रेडियंट एनर्जी’वर बिनइंधनाचा जनरेटर चालवून दाखवतात आणि शेवटी ऑर्डरसाठी नंबर देतात. यातलं खरं काय, आणि ही प्रारण ऊर्जा म्हणजे नेमकी कोणती वस्तू, असं तुम्ही विचारलंय.

माझं काम ऊर्जा लेखापरीक्षणाचं. बॉयलर, भट्ट्या, वाफेच्या लायनी, आणि उन्हाळ्यात लोकांच्या छपरांखालच्या खोल्या. कुठे किती ऊर्जा जाते ते मोजायचं आणि कशी वाचेल ते सांगायचं. म्हणून उत्तर मोजणाऱ्या माणसाचं मिळेल. पुस्तकी व्याख्या लागेल तेवढीच.

ती व्याख्या आधी उरकून घेऊ. विद्युतचुंबकीय लहरींनी वाहून नेलेली ऊर्जा म्हणजे प्रारण ऊर्जा. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, न दिसणारे अवरक्त किरण, अतिनील किरण, रेडिओ लहरी, एक्स-रे, गॅमा किरण, सगळे याच कुटुंबातले. एकक ज्यूल, म्हणजे इतर कुठल्याही ऊर्जेचं असतं तेच. पुस्तकात एवढं वाचून पान उलटलं जातं आणि मुख्य मुद्दा राहून जातो. तो असा, की ही ऊर्जा कुठल्या वस्तूत साठून राहिलेली नसते, ती वाटेत असते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे आणि प्रकाशाला तिथून इथे यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. या क्षणी सूर्याकडून निघालेली पण अजून पोचायची बाकी असलेली आठ मिनिटांची ऊर्जा मधल्या पोकळीत आहे. सूर्याच्या खात्यातून ती वजा झालीय, आपल्या खात्यात अजून जमा झालेली नाही.

वाटेत असताना ती गरम नसते. गरम होते ती वस्तू, जी तिला अडवून शोषते. गच्चीवरची फरशी शोषते आणि तापते. सोलर पॅनेल शोषतं आणि काही भागाची वीज करतं, उरलेल्या भागाने स्वतः तापतं. पान शोषतं आणि त्यातल्या थोड्या भागाची साखर करतं. आणि स्वच्छ कोरडी हवा फारसं काही शोषतच नाही, त्यामुळे किरण तिच्यातून आरपार जातात. तुमच्या खोलीतलं कोडं या शेवटच्या वाक्यात आहे, त्याकडे येतोच.

दिसत नाही त्या भागातही ऊर्जा असते हे विल्यम हर्शल यांनी १८०० साली साध्या थर्मामीटरवर दाखवलं. लोलकातून सूर्यप्रकाश फोडून त्यांनी प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा अशीच न दिसणारी असते. ‘खिडकीला काळी फिल्म लावली, उजेड कमी झाला, तरी ऊब येतेच’ ही तक्रार मला दर उन्हाळ्यात ऐकू येते, तिचं एक कारण हे. दुसरं म्हणजे काळी फिल्म स्वतः तापते आणि काचेमार्फत आत झळ टाकते.

आमच्या धंद्यात ज्यूलने फारसं कोणी बोलत नाही. आम्ही विचारतो, एका चौरस मीटरवर किती वॅट पडताहेत? वातावरणाच्या वर हा आकडा १,३६१ च्या आसपास असतो. निरभ्र दुपारी जमिनीवर सुमारे १,००० मिळतात. सोलर पॅनेलच्या मागच्या लेबलावरचे वॅट याच १,००० च्या उन्हात, पण सेलचं तापमान २५ अंश धरून लिहिलेले असतात. सोलापूरच्या मे महिन्यात सेल २५ वर राहणं शक्य नाही, म्हणून ५४० वॅटचं पॅनेल दुपारी ५४० देत नाही. त्यात विक्रेत्याने फसवलंच असं नव्हे.

आता स्लॅबकडे वळू. शेजाऱ्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे. स्लॅब प्रारण सोडतो. पण भिंतही सोडते, पलंगही, माठही, तुम्हीही. शून्याखाली २७३ अंशांच्या वर तापमान असलेली प्रत्येक वस्तू सतत किरण बाहेर टाकत असते आणि आजूबाजूच्या वस्तूंचे किरण शोषत असते. किती टाकते ते तापमानावर ठरतं, आणि तेही तापमानाच्या चौथ्या घातावर (तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून). योसेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये हे प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडलं आणि लुडविग बोल्टझमान यांनी १८८४ मध्ये त्याला सिद्धांताचा आधार दिला. आम्ही ते सूत्र आजही रोज वापरतो.

तुमचे आकडे घालून बघू. तळमजल्यावरच्या खोलीत छत ३३ अंशांचं असेल, तर सूत्राप्रमाणे त्याचा प्रत्येक चौरस मीटर खाली सुमारे ५०० वॅट टाकतो. तुमचा स्लॅब दिवसभर तापून रात्री खालच्या बाजूला ४४ अंशांचा असेल, तर तोच आकडा ५७० च्या पुढे जातो. फरक जेमतेम ७५ वॅटचा, तोही आदर्श काळ्या पृष्ठभागाचा. काँक्रीटचा त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास धरा. पण दहा बाय बाराच्या खोलीचं छत अकरा चौरस मीटरचं असतं. म्हणजे सगळे मिळून साडेसातशे वॅट जास्तीचे. डोक्यावर एक इस्त्री चालू करून उलटी टांगल्यासारखं आहे ते, आणि ती बंद करायला बटण नाही.

थर्मामीटर हे का दाखवत नाही? कारण तो मुख्यतः हवेचं तापमान सांगतो, आणि खोलीतल्या हवेतून ही झळ जवळपास आरपार जाते. पंखा घाम वाळवतो, हवा हलवतो. किरणांना अडवत नाही. उलट पाचवर ठेवला तर तापलेल्या स्लॅबला चिकटलेली गरम हवा खाली आणतो. म्हणून काही घरांत रात्री पंखा दोन-तीनवर ठेवलेला बरा वाटतो. हा माझा ठोकताळा आहे, सगळ्यांना लागू होईलच असं नाही. दमट हवेत याच्या उलट वाटू शकतं.

हवा आणि झळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते फाउंड्रीत. कोल्हापूरच्या शिरोली भागातल्या एका ओतशाळेत, जिथे वितळलेलं लोखंड लॅडलमधून साच्यात ओततात, तिथे आम्ही कामगाराच्या उभं राहण्याच्या जागी दोन उपकरणं ठेवली. एक साधा थर्मामीटर, त्याच्या फुग्याभोवती चकचकीत नळी, म्हणजे झळ त्याला लागू नये. दुसरा तांब्याचा पोकळ गोळा, व्यास दीडशे मिलिमीटर, बाहेरून मंद काळा रंग, आत मध्यभागी थर्मामीटर. गोळ्याचा आकडा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढं थांबलो. हवा ३६ वर होती, काळा गोळा पन्नाशीच्या पलीकडे. ओतकाम करणारे मामा गोळ्याकडे बघून म्हणाले, ‘आम्हाला हे थोबाडावर कळतं.’ मग लॅडल आणि त्यांच्यामध्ये साखळीने ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा टांगला. हवा ३६ च राहिली. पण पत्रा आड आला त्याच क्षणी त्यांनी चेहऱ्यावरचा रुमाल खाली घेतला. गोळा उतरायला वेळ लागला. कातडीला लागला नाही.

हीच तपासणी तुम्ही आज रात्री फुकटात करू शकता. पलंगावर उताणे पडा आणि चेहऱ्यापासून हातभर वर एक पुठ्ठा आडवा धरा. चेहऱ्याला लगेच, अगदी लगेच, हायसं वाटलं तर त्रास स्लॅबच्या झळेचा आहे. काहीच फरक पडला नाही तर हवाच गरम आहे किंवा दमट आहे, आणि मग खिडक्या, एक्झॉस्ट, कूलर या दिशेने विचार करायला हवा. छपरावर पैसे घालण्याआधी एवढं नक्की करून बघा.

टेम्परेचर गन असेल तर तिने छत, पश्चिमेची भिंत आणि आतली भिंत मोजा. ही गन म्हणजे प्रारण ऊर्जा मोजणारंच यंत्र. समोरच्या पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त किरण घेते आणि त्यावरून तापमान काढते. मात्र चकचकीत धातूवर ती खोटं बोलते. स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत असताना बाहेरून गन धरली तर पन्नास-साठही दाखवेल, कारण चकचकीत स्टील स्वतः फार थोडे किरण सोडतं आणि गनला त्यात प्रतिबिंब दिसतं ते खोलीचं, तुमचं. त्याच पातेल्यावर काजळीचा ठिपका उमटवून त्यावर गन धरा, आकडा शंभरीकडे पळतो. स्लॅब, प्लास्टर, विटा, चुना यांवर ही अडचण येत नाही.

आता उपाय. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे : गच्ची तुमच्या मालकीची आहे का, वर सोसायटीच्या टाक्या आहेत का, पाणी मुरतंय का, भाड्याचं घर आहे का. पण सगळीकडे लागू होणारा क्रम एकच. ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच अडवा. एकदा शिरलं की सहा इंची काँक्रीट ते चार-पाच तास मुरवून तुम्हाला संध्याकाळनंतर परत देतं, म्हणूनच दुपारी दोनपेक्षा रात्री नऊला जास्त भाजतं.

सर्वांत चांगलं म्हणजे सावली. गच्चीवर शेडनेट बांधली आणि तिच्या खाली वारा खेळता राहिला तर निम्म्याहून जास्त ऊन तिथेच थांबतं. वाऱ्यावादळात फाटते, हा तिचा तोटा. त्याखालोखाल पांढरा थर. साधा चुना, त्यात थोडं फेविकॉल, ब्रशने दोन-तीन हात. ताजा असताना तो पडणाऱ्या उन्हातला सत्तर-ऐंशी टक्के भाग परत आकाशात धाडतो. मळलेला जुना स्लॅब बहुतेक ऊन पिऊन टाकतो. एक पावसाळा गेला की चुन्याचा बराच भाग धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा. खर्च टिकाऊ करायचा असेल तर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. आतून लावायचं फॉल्स सीलिंग मी शेवटी ठेवतो, तरी भाडेकरूंना तेवढाच पर्याय असतो. तसं करायचं असेल तर त्याच्या वरच्या अंगाला ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि स्लॅब व फॉइल यांमध्ये मोकळी जागा ठेवा. फॉइल स्लॅब आणि सीलिंग यांच्यामध्ये दाबून बसवली, मोकळी जागाच उरली नाही, तर तिचा काही उपयोग नाही; तिथे किरण नाहीत, थेट वहन होतं.

चुन्याबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही, आणि मला ती या विषयातली सर्वांत मजेदार वाटते. तापायचं टाळायचं असेल तर चकचकीत पत्रा चांगला की पांढरा चुना? बहुतेक जण पत्रा म्हणतात, आरशासारखा तर आहे! पण भर उन्हात नव्या चकचकीत पत्र्याला हात लावून बघा, चटका बसतो. पत्रा थोडंच ऊन शोषतो, पण शोषलेलं बाहेर टाकायला फार कंजूष असतो. चुना ऊन परतवतो आणि जे थोडं शोषतो ते मोकळ्या हाताने बाहेर टाकतो. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा चुना ३०-४० अंशांच्या वस्तूंच्या न दिसणाऱ्या किरणांच्या बाबतीत जवळपास काळ्या रंगासारखा वागतो. माणसाच्या कातडीचंही तसंच. गोरी असो की सावळी, अवरक्त किरणांना सगळी कातडी सारखीच काळी.

आणि टाकतो कुठे? आकाशात. निरभ्र, कोरड्या रात्री वरचं आकाश हवेपेक्षा बरंच थंड असल्यासारखं वागतं. गच्ची तिकडे ऊर्जा पाठवते आणि परत कमी मिळते, म्हणून तिचं तापमान हवेच्याही खाली जाऊ शकतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तेव्हा हवेचा पारा अनेकदा शून्याच्या चार-पाच अंश वर असतो. पेपरात ‘पारा शून्यावर’ असं छापून येतं. खरं तर गवताची पाती आणि जेटीवरच्या फळ्या शून्यावर गेलेल्या असतात. निफाडच्या बागांत पहाटे द्राक्षवेलींमध्ये शेकोट्या पेटवतात, त्यामागेही हेच आहे. आभाळ भरलेलं असेल तर ढग बरंच परत पाठवतात आणि भीती टळते. तुमच्या सोलापूरला याचा फायदा आहे, हवा कोरडी. रत्नागिरीत किंवा मुंबईत बाष्प जास्त असल्यामुळे आकाश इतकं उघडं नसतं, तिथे चुन्याचा दिवसाचा उपयोग आहेच, रात्रीचा कमी.

इथवर एवढं लक्षात राहिलं तरी पुरे : स्लॅब सोडतो ते आणि सूर्य सोडतो ते एकाच जातीचं, फरक तापमानाचा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून त्याचे किरण मुख्यतः दिसणारे आणि त्याच्या लगतचे. स्लॅब चाळिशीतला, म्हणून त्याचे किरण जवळपास वीसपट लांब लहरींचे आणि अंधारातही न दिसणारे.

टॉवरचं काय? तोही कुटुंबातलाच, रेडिओ लहरींच्या शाखेतला. पण तुमची खोली तो तापवत नाही, हे आकड्यांत सांगता येतं. भारतात २०१२ मध्ये टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्‌झला ती चौरस मीटरला ०.४५ वॅट झाली. स्लॅबकडून तुम्हाला जास्तीचे साठ-सत्तर वॅट मिळताहेत आणि दुपारच्या उन्हात हजार.

फक्त वॅटवर निकाल देणं मात्र बरोबर नाही, आणि टॉवरची बाजू घेणारे पुष्कळदा इथेच घाई करतात. उन्हातला अतिनील भाग एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, तरी कातडी जाळतो तोच. एक्स-रेच्या एका फोटोत वॅट नगण्य असतात, तरी तंत्रज्ञ भिंतीआड जातो. कारण प्रारण ऊर्जा सलग नसते, पुंजांत येते, आणि एकेका पुंजात किती ऊर्जा आहे यावर तो रेणू मोडू शकतो की नाही हे ठरतं. या कल्पनेची सुरुवात मॅक्स प्लांक यांनी १९०० साली केली. अणूतून इलेक्ट्रॉन उखडायला साधारण दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या मापाचं, ऊर्जेचं अगदी छोटं एकक) लागतात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुंजात दोन-तीन असतात. मोबाइलच्या लहरीच्या पुंजात एका इलेक्ट्रॉनव्होल्टचे काही दशलक्षांश. अशा लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा त्या हिशेबाने ठरवल्या आहेत. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘कर्करोगाला कारण असण्याची शक्यता’ या गटात ठेवल्या, म्हणजे पुरावा मर्यादित पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, हेही लपवत नाही. संशय असेल तर मोजणी करून घ्या. पण रात्री नऊच्या भाजण्याशी त्याचा संबंध नाही. आणि ज्याला लोक खरे घाबरतात तो किरणोत्सार, म्हणजे युरेनियमसारख्या पदार्थांच्या अणुकेंद्रातून निघणारे किरण, तो स्लॅब आणि टॉवर या दोन्हींपासून लांबचा विषय आहे. बोलताना सगळ्याला रेडिएशनच म्हणतात, त्यामुळे घराघरांत ही खिचडी होते.

आता भाच्याचा व्हिडिओ. ‘रेडियंट एनर्जी’ या नावाचं पेटंट खरंच आहे. निकोला टेस्ला यांनी ते १९०१ साली अमेरिकेत घेतलं. उंचावर एक निरोधक आधारावर बसवलेला धातूचा पत्रा, तारेने कपॅसिटरला जोडलेला, कपॅसिटरचं दुसरं टोक जमिनीत. सूर्य आणि तत्सम स्रोत धनभारित सूक्ष्म कण फेकतात, ते पत्र्यावर पडून भार साठेल, अशी त्यांची मांडणी होती. त्या काळी एक्स-रे आणि कॅथोड किरण नुकतेच कळले होते आणि ‘रेडियंट’ या नावाखाली लहरी व कण असं बरंच काही एकत्र बसत असे. त्या पत्र्याने घर चालत नाही. पण नाव मोठं असल्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यावर दुकानं चालतात.

अशा यंत्राला मी दोनच प्रश्न विचारतो. ऊर्जा कुठून येते, आणि ती येते त्या जागेत चौरस मीटरला किती वॅट आहेत? उन्हातून घेत असेल तर छान, पण मग भर दुपारी चौरस मीटरला हजारपेक्षा जास्त मिळणार नाहीत आणि चांगलं पॅनेल त्यातले दोनशेच्या आसपास देतं. बंद खोलीत, रात्री, टेबलावरच्या डब्यातून पाच किलोवॅट येत असतील तर डब्यात बॅटरी आहे किंवा टेबलाखाली वायर. हवेतल्या रेडिओ लहरी पकडतो म्हणाला, तर वरची ०.४५ ची कमाल मर्यादा आठवा. प्रत्यक्षात घरात त्याच्या कितीतरी खाली असतं. त्यावर एखादा सेन्सर जगेल, मिक्सर फिरणार नाही. भाच्याला सांगा, आगाऊ रक्कम पाठवू नको. विक्रेत्याला म्हण, तुझं यंत्र बंद पेटीत आठवडाभर आमच्या मीटरवर चालव, मग बोलू.

घरात योगवर्गामुळे ‘शरीरातून तेज बाहेर पडतं’ हेही ऐकलंय असं तुम्ही लिहिलंय. पडतं, आणि चांगलं घसघशीत. ३३ अंशांची कातडी चौरस मीटरला पाचशेच्या जवळ वॅट टाकते, म्हणजे उघड्या अंगाचा माणूस सव्वाआठशे वॅटच्या आसपास. पण खोलीच्या भिंती २५ अंशांच्या असतील तर त्या त्याला साडेसातशेच्या आसपास परत देतात. उरतात ते सत्तर-ऐंशी वॅट, जे अंगाला थंडावा देतात. थर्मल कॅमेऱ्यात माणूस उजळ दिसतो तो याच कारणाने. अंगणातलं कुत्रं आणि उन्हात उभी केलेली स्कूटरही तितकीच उजळ दिसते. त्यात साधनेची पातळी मोजता येत नाही. आणि एखाद्याच्या सहवासात बरं वाटतं, प्रसन्न वाटतं, ते खरंच असतं, फक्त ते वॅटमध्ये नसतं. तुमच्या खोलीत मात्र भिंती-छत कातडीहून गरम आहेत, त्यामुळे हा व्यवहारच उलटा होतो : अंग ऊर्जा टाकण्याऐवजी घेत बसतं, आणि सगळा भार घामावर येतो.

मुलीसाठी एक प्रयोग सुचवतो, पुस्तकातल्यापेक्षा थोडा वाढवून. एकाच मापाचे तीन पत्र्याचे डबे घ्या. एक घासून चकचकीत ठेवा, दुसऱ्याला बाहेरून काळा ऑइलपेंट, तिसऱ्याला पांढरा ऑइलपेंट. नीट वाळू द्या. तिन्हींत सारखंच गरम पाणी भरा, झाकणं लावा, लाकडी पाटावर एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. काळ्यातलं पाणी चकचकीतपेक्षा लवकर थंड होतं हे तिला अपेक्षित असेल. पांढऱ्याबद्दल आधी तिच्याकडून अंदाज लिहून घ्या, कारण तो काळ्याच्या बरोबरीनेच थंड होतो. गन वापरू नका, चकचकीत डब्यावर चुकेल. थर्मामीटर पाण्यात बुडवूनच बघा. आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा, नाहीतर वारा तिन्ही डब्यांची उष्णता ओढून नेतो आणि फरक अंधुक होतो.